साधी चाल नटवत नटवत जॅझ शिकणं

पितळीसूर

जॅझ शिकायला बसलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात स्केलांची, म्हणजे ठरावीक क्रमाच्या सुरांची, यादी पडते. ह्या कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या तीन-चार सुरांवर) डोरियन, त्या कॉर्डवर मिक्सोलिडियन, पुढच्या कॉर्डवर आणखी काही. यादी पाठ झाली की मोबाइलवर बॅकिंग ट्रॅक लावायचा आणि सुरांचा रतीब घालायचा. सूर सगळे नियमात असतात, पण ऐकणाऱ्याला त्यात गाणं सापडत नाही आणि वाजवणाऱ्याला आपण नक्की कुठे आहोत ते उमगत नाही. पुण्यात आम्ही काही जण रविवारी एकत्र वाजवायला बसतो. तिथे नव्याने येणाऱ्या मुलामुलींचं हे इतक्या वेळा पाहिलंय की शेवटी हा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की उपज, म्हणजे वाजवता वाजवता नवं रचणं, शिकायची तर तोंडात पक्की बसलेली एक साधी चाल घ्यावी आणि तिलाच नटवत जावं. आधी लयीत फेरफार, मग शेजारच्या सुरांची भर, मग रिकाम्या जागा भरणं आणि शेवटी सूर गाळणं. सोलो आला म्हणून चाल खुंटीला टांगायची नाही. स्केलं लागतात, पण नंतर.

हा नवशिक्यांसाठी काढलेला सोपा रस्ता आहे असं कुणी समजू नये. जॅझ वाढलाच असा. न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या बँडांमध्ये कॉर्नेटवाला (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) चाल धरून ठेवायचा, क्लॅरिनेटवाला वरच्या पट्टीत तिच्याभोवती नक्षी काढायचा आणि ट्रॉम्बोनवाला खालून सूर घसरवत सगळ्यांना पुढच्या कॉर्डवर आणून सोडायचा. तिघांची उपज एकाच वेळी चाले आणि तरी चाल हरवत नसे. ट्रम्पेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) याच तालमीत तयार झाला. त्याचं १९३१ सालचं 'स्टारडस्ट' ऐका. मूळ चाल चांगली वरखाली उड्या मारणारी आहे. गाताना हा गृहस्थ सुरुवातीच्या उड्याच काढून टाकतो, एकच सूर पुन्हा पुन्हा म्हणतो आणि शब्द जरा मागे खेचून, जरा पुढे ढकलून ओळ उभी करतो. गाणं लगेच ओळखू येतं.

आता प्रत्यक्ष करून पाहू. चाल घेऊ 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन'. मूळचं चर्चमधलं भक्तिगीत. आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये ते रेकॉर्ड केलं आणि आज जॅझ वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ते येतं. एकूण सोळा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिला अर्धा भाग सरगममध्ये असा (प्रत्येक सूर एक मात्रा, रेघ म्हणजे सूर लांबवा किंवा थांबा):

– सा ग म | प – – – | – सा ग म | प – – – | – सा ग म | प – ग – | सा – ग – | रे – – –

पहिल्या आवर्तनात एकही सूर बदलायचा नाही, फक्त त्यांच्या जागा हलवायच्या. सा अर्धी मात्रा उशिरा घ्या आणि ग, म घाईने गाठा. किंवा उलट करा, प समेवर न घेता अर्धी मात्रा आधीच घ्या आणि धरून ठेवा. प एकदाच न वाजवता तीनदा वाजवा, पण तिन्ही वेळा सारख्या अंतराने नको. मात्रेचे दोन भाग करताना पहिला लांब, दुसरा आखूड ठेवा आणि दुसऱ्याला जिभेचा हलका आघात द्या. स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, इथून सुरू होतो.

दुसऱ्या आवर्तनात शेजारचे सूर. ग घेण्याआधी कोमल ग निसटता लावून वर सरका. मग प ला वेढा घाला: म ची एक मात्रा अर्धी अर्धी करा, त्यात ध आणि तीव्र म बसवा, आणि समेवर प. म्हणजे 'सा ग ध-तीव्र म | प'. वरून एक सूर, खालून अर्ध्या स्वराने एक सूर, मध्ये आपलं घर. हा एवढाच तुकडा अगदी सावकाश वाजवून बघा. तीव्र म वर कान कसा अडून राहतो आणि प आला की कसा मोकळा होतो, हे पुस्तकाची दहा पानं वाचून कळणार नाही.

तिसऱ्यात रिकाम्या जागा. प लागल्यापासून पुढचा सा येईपर्यंत पाच मात्रा मिळतात. त्यातली पहिली प ला द्या आणि मग चालीला उत्तर द्या: 'प पध सां धप | ग', की लगेच 'सा ग म'. उत्तर कितीही छान सुचलं तरी पुढचा सा चुकता कामा नये.

चौथ्यात गाळायचं. प, ग, रे एवढेच खांब ठेवा, बाकी चाल मनात चालू दे. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात सुंदरही.

प्रत्येक पायरीवर घाई न करता राहावं. कुणी करून पाहिलंत तर इथे जरूर लिहा.

गप्पिष्ट

वाचनखूण साठवली आहे. वाद्य येत नाही, पण 'स्टारडस्ट' लगेच लावून ऐकलं. एकच सूर इतका वेळ ऐकूनही कंटाळा येत नाही, हे खरंच नवल आहे.

काळीपाच

फार आवडलं. मी भजनाला पेटीची साथ करतो, थोडी नाट्यगीतंही. आमच्याकडेही बंदिशीचा मुखडा धरून विस्तार करायचा आणि समेला परत यायचं, त्यामुळे लयीचं आणि गाळण्याचं लगेच पटलं. पण एक अडचण आहे. आमचा तंबोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच षड्ज धरतो. इथे खालची जमीन दर दोन-चार बारांनी सरकते. मग चाल नटवताना कुठला सूर कुठे चालेल हे कानाला कळायचं कसं?

पितळीसूर

काळीपाच, अगदी मुद्द्याला हात घातलात. या गाण्यात जमीन फार कमी वेळा सरकते, म्हणूनच ते निवडलं. बार पहिल्या प पासून मोजा, सुरुवातीचा 'सा ग म' त्यात धरू नका. पहिले सहा बार सा-ग-प ही एकच कॉर्ड. सातव्या-आठव्या बारात प-नी-रे-म. नवव्यात परत सा-ग-प. दहाव्यात तिच्यातच कोमल नी मिसळतो. अकरा-बारा म-ध-सां. तेराव्यात सा-ग-प, चौदाव्यात प-नी-रे-म, आणि शेवटचे दोन बार घरी.

पेटीवर एक हात भात्यावर असतो, तेव्हा उजव्या हाताने फक्त या कॉर्ड धरा आणि चाल तोंडाने म्हणा. सातव्या बारात चालीचा रे येतो, तो कॉर्डमध्येच आहे, म्हणून निवांत वाटतो. तिथे मुद्दाम सा लांबवून पाहा. तोच सा, ज्यावर तुम्ही आयुष्यभर विसावता, तो तिथे लोंबकळेल. मग त्याला नी वर उतरवा.

आणि दहाव्याकडून अकराव्याकडे जाताना कोमल नी वरून ध वर या. अर्ध्याच स्वराची घसरण, पण कॉर्ड बदलली हे साथ नसतानाही ऐकणाऱ्याला समजतं. चाल स्वतःच कॉर्डमधून वाट काढत गेलेली असते, म्हणून तिच्या सुरांना चिकटून राहिलं की स्केलाची यादी जवळ नसतानाही सहसा अडत नाही.

हरकत

लेख चांगला आहे, पण एक धोका सांगावासा वाटतो. मी ठुमरी शिकले आहे आणि आता एका गटात जॅझ गाते. आपल्याकडच्या लोकांना 'चाल सजवा' म्हटलं की गळ्यातून आपोआप मुरक्या, खटके, मींड येतात. ऐकायला गोड लागतात, पण गाण्याचा मोहरा बदलतो. आपली मुरकी बहुधा सूर लागल्यावर त्याच्याभोवती फिरते. जॅझमधला वेढा सूर लागण्याआधी येतो आणि पुढे ढकलतो. शिवाय आपल्याकडे एखादी जागा लयीवरून अलगद सोडून देण्यात सौंदर्य मानतात, इथे मात्र प्रत्येक अर्ध्या मात्रेला वजन आहे. मला जॅझ गायिका बिली हॉलिडे पुन्हा पुन्हा ऐकून हे कळायला लागलं. ती सजावट जवळजवळ करतच नाही. चालीचा आवाका कमी करते, वरचे सूर खाली आणते आणि शब्द तालाच्या मागे ठेवते, तरी ताल कुठे आहे ते आपल्याला क्षणभरही विसरू देत नाही.

पितळीसूर

हरकत, शंभर टक्के सहमत. म्हणूनच पहिल्या आवर्तनात एकही सूर बदलायचा नाही असं लिहिलं. आपल्याकडून येणाऱ्यांना सुरांची भर घालणं सोपं जातं, लय हलवणं जड जातं. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडेल असा लावावा. पहिली आणि तिसरी मात्रा आपण स्वतः सांभाळायची.

टू_फाइव्ह_वन

मी थोडा वेगळा सूर लावतो. चाल नटवणं ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे, पण तुम्ही तिला जिन्याच्या शेवटापर्यंत नेऊ पाहताय असं वाटतं. १९३९ मधलं सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सचं 'बॉडी अँड सोल' घ्या. सुरुवातीचे काही बार चालीची छाया आहे, मग तो चाल सोडून देतो ती कायमचीच, उरतं ते कॉर्डमधून कोरलेलं शिल्प. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. १९४५ साली सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने 'चेरोकी'च्या कॉर्ड घेतल्या, चाल टाकून दिली आणि त्यावर 'को-को' रचलं. बीबॉप या वेगवान जॅझशैलीचा सगळा डोलारा हार्मनीवर, म्हणजे कॉर्डच्या रचनेवर, उभा आहे. आज कुठल्याही जॅम सेशनला (आयत्या वेळी एकत्र वाजवण्याच्या बैठकीला) गेलात तर वेगात बदलणाऱ्या कॉर्ड समोर येतील. तिथे सेंट्सच्या मुरक्या काय कामाच्या? विद्यार्थ्याने कॉर्डचे सूर बाराही पट्ट्यांत हातात बसवायलाच हवेत.

जर्सीकर

टू_फाइव्ह_वन, कॉर्डचे सूर हातात हवेत हे मान्य. पण चाल सोडणं आणि चाल माहीतच नसणं यात फार अंतर आहे. हॉकिन्स सोडतो ती त्याला पुरती पचलेली चाल. तिच्या ओळी कुठे संपतात आणि कुठे श्वास आहे, हे सगळं त्या सोलोत खाली चालूच आहे.

आणि तुमच्याच बाजूचा, म्हणजे बीबॉपनंतरचा एक साक्षीदार देतो: ली कोनिट्झ. शिकागोत १९२७ साली जन्मलेला आल्टो सॅक्सोफोनवादक, पियानोवादक लेनी ट्रिस्टानोचा शिष्य, २०२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोविडने गेला. 'डाउनबीट' मासिकात १९८५ साली त्याने आपली दहा पायऱ्यांची पद्धत सांगितली होती. पहिली पायरी म्हणजे मूळ चाल, आहे तशी. पुढच्या प्रत्येक पायरीवर मूळ सुरांची जागा थोडे थोडे नवे सूर घेत जातात, आणि दहाव्या पायरीवर पोचेपर्यंत संपूर्ण नवी चाल तयार झालेली असते. पुढच्या पायरीवर जाण्याआधी आधीच्या पायरीवर मुक्काम करायचा, हे त्यातलं मर्म. हा माणूस आयुष्यभर तीच ठरावीक जुनी गाणी वाजवत राहिला आणि त्यातून दर वेळी नवं काढत राहिला. म्हणजे जिना एकच आहे, आणि तो तुमच्या शिल्पापर्यंत जातो.

ट्रिस्टानोकडे विद्यार्थ्यांना सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो आधी गळ्यातून गाता यावे लागत. वाद्य नंतर. ही शिस्त आपल्याकडच्या गुरूंनाही पटली असती.

इकडच्या एका जॅम सेशनमध्ये एका वयस्कर ड्रमरने मला सोलो संपल्यावर विचारलं होतं, गाण्याचे शब्द येतात का? तेव्हापासून नवीन गाणं घेतलं की आधी शब्द पाठ करतो. लेस्टर यंगसुद्धा शब्द माहीत असण्याला फार महत्त्व द्यायचा. शब्द माहीत असले की ओळीच्या मध्येच श्वास घेतला जात नाही.

टू_फाइव्ह_वन

कोनिट्झच्या पायऱ्यांबद्दल वाचलं नव्हतं. ट्रिस्टानोच्या शाळेची हार्मनी किती कडक होती ते माहीत आहे, त्यामुळे हे ऐकून विचारात पडलो. 'ऑल द थिंग्ज यू आर'वर करून बघतो. तरीही वेगाच्या गाण्यांसाठी कॉर्डचा स्वतंत्र रियाज लागतो, या मतावर मी ठाम आहे.

पितळीसूर

त्याबद्दल वाद नाहीच. क्रम कुठला, एवढाच प्रश्न. चाल नटवताना एखाद्या जागी अडलं की नेमकी तिथली कॉर्ड शिकावी. मग ती विसरली जात नाही, कारण ती कशासाठी हवी होती हे माहीत असतं.

दर्यावर्दी

गोव्याहून. या विषयाला आमच्याकडे मोठी परंपरा आहे, म्हणून लिहितो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडांत आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. कागदावरचं वाचण्यात ही माणसं तरबेज होती. पण जॅझ कागदावर नव्हता, तो रेकॉर्डवर होता, आणि १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवायला आलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांच्या हातात होता. लिऑन ॲबीचा बँड, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड ही त्यातली मोठी नावं. त्यांचं ऐकून, ती वळणं उचलून आमच्या लोकांनी ते आपलंसं केलं.

अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ट्रम्पेट तर तसा वाजवतच, गातही तसेच. पुढे ते सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. 'अलबेला' (१९५१) मधल्या गाण्यांत मुखडा आणि अंतऱ्याच्या मध्ये ट्रम्पेट काय बोलतो ते या धाग्यातल्या तिसऱ्या आवर्तनाच्या कानाने ऐका. गायकाने ओळ सोडली की पितळी वाद्यं तिला उत्तर देतात.

काळीपाच

दर्यावर्दी, वा! अण्णांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, ती गाणी लहानपणापासून ऐकतोय, पण या दिशेने कधी ऐकली नव्हती. आज रात्री तोच कार्यक्रम.

पवईचा_पाऊस

सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सचं नाव अजून कसं आलं नाही? १९५६ सालचं 'सेंट थॉमस' ऐका. कॅरिबियन बेटांवरची पारंपरिक चाल, त्याची आई त्याला म्हणून दाखवायची. सोलोची सुरुवात तो दोनच सुरांनी करतो. तेच दोन सूर वर, खाली, पुढे, मागे, मध्ये भरपूर जागा सोडून. आपल्याला वाटतं आता हा पुढे जाईल, पण तो घाई करत नाही, आणि मग त्या दोन सुरांतून केवढं तरी फुलवतो.

आम्हा पवईकरांना त्याच्याबद्दल जास्तच ओढ आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तो सगळं सोडून भारतात आला आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिला. नंतर १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तिथेही वाजवून गेला.

मध्यलय

मी कीबोर्ड शिकते आहे, अगदी प्राथमिक पातळीवर. धागा वाचून रोज ऑफिसहून आल्यावर सेंट्स घेऊन बसते आहे. पहिलं आणि दुसरं आवर्तन जमतंय. 'ध-तीव्र म-प' पहिल्यांदा नीट बसलं तेव्हा इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवलं. पण तिसऱ्यात गडबड होते. उत्तर द्यायला गेले की कितव्या बारात आहे तेच कळेनासं होतं. बार मोजायला लागले तर उत्तर सुचत नाही. काय करू?

पितळीसूर

मध्यलय, अभिनंदन! घरच्यांना ऐकवलंत हे फार चांगलं केलंत.

मोजू नका. चाल मनात म्हणत राहा. सध्या सगळ्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. फक्त पहिली भरा आणि दुसरी तशीच मोकळी सोडा. ती मोकळी असताना डाव्या हाताने कॉर्ड धरून पुढची ओळ ओठांवर आणा. उत्तरही आधी लहान असू दे, दोन सुरांचं: 'ध प', बस. ते सहज झालं की एक सूर वाढवा. आणि तोंडाने म्हणता येत नाही असं उत्तर बोटांना देऊ देऊ नका, मग ते कितीही चटपटीत वाटो.

हरकत

मध्यलय, आणखी एक करून पाहा. घरातल्या कुणाला तरी चाल साधी म्हणायला लावा आणि तुम्ही फक्त मधल्या जागा वाजवा. मग अदलाबदल करा. सेंट्स असं दोघांत वाटून घेतलं की आपण कुठे आहोत हे आपोआप कळत राहतं.

मध्यलय

धन्यवाद दोघांनाही. लेकीला सेंट्स शाळेमुळे येतं, तिलाच बसवते. हे पक्कं झालं की पुढे काय घेऊ?

पितळीसूर

पुढे ड्यूक एलिंग्टनचं 'सी जॅम ब्लूज', १९४२ सालचं. अख्खी चाल दोनच सुरांची आहे, प आणि सां. बारा बारचा ब्लूज, त्यामुळे कॉर्डही मोजक्याच: घरची, चौथी आणि पाचवी. चाल इतकी लहान असल्यामुळे लय हलवण्याशिवाय गत्यंतरच नाही. सुरुवातीला मिनिटाला शंभर मात्रांच्या आसपास लय ठेवा. पाचव्या बारात चौथ्या कॉर्डवर जाताना तोच सां आता तिथला पंचम होतो, तेवढं मुद्दाम ऐका आणि मग त्याच्या आधी कोमल ग लावून बघा.

जर्सीकर

आणि सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टर किंवा पियानोवादक ऑस्कर पीटरसनने ते कसं वाजवलंय हे ऐकण्याआधी स्वतःची दोन-चार आवर्तनं करून बघा. नंतर ऐकलंत की त्यांनी त्याच दोन सुरांपासून कुठे कुठे मजल मारली आहे ते जास्त कळेल.

मध्यलय

ठीक. शनिवारी लेकीबरोबर सेंट्स, मग ब्लूज. झालं की इथेच लिहीन.